बर्फात लावलेला ट्रॅप कॅमेरा पुन्हा पुन्हा आंधळा होतो, त्याचं काय करायचं

गोव्यातल्या सत्तरी आणि डिचोलीकडची आम्ही पाच-सहा जणं गेले काही हिवाळे हिमाचलातल्या स्पितीला हिमबिबट्याच्या पाहणीत मदतीला जातो. इथल्या रानात, म्हादईच्या काठाने, वर्षभर ट्रॅप कॅमेरे, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावायची सवय. त्यामुळे हे काम आपल्याला येतं अशी खात्री होती. पहिल्या हिवाळ्यात बारापैकी नऊ कॅमेरे दुसऱ्या आठवड्यापर्यंत गप्प झाले. दुसऱ्या हिवाळ्यात बाराही शेवटपर्यंत चालले, पण पाच कॅमेऱ्यांतले फोटो दुधात बुडवून काढल्यासारखे पांढरे. एका फोटोत उजव्या कोपऱ्यात जाड शेपटीचं टोक दिसतं, तेवढंच. बाकीचा प्राणी त्या पांढऱ्याच्या मागे. तो फोटो मी अजून जपून ठेवलाय.

नंतर वेंगुर्ल्याच्या, कारवारच्या, रत्नागिरीच्या मुलांशी बोलले, तर प्रत्येकाची कहाणी हीच. डेहराडूनकडून किंवा शिमल्याहून आलेल्यांचे कॅमेरे बरे चालतात, आणि आम्हा किनाऱ्यावरच्यांचे आंधळे होतात. हा योगायोग नव्हता. त्यामागे कारण आहे, ते सापडलं, आणि गेल्या हिवाळ्यात एकही काच धुरकट झाली नाही. पुढच्या थंडीत जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

एक फोटो गेला तर काय बिघडतं, असं कुणाला वाटेल. हिमबिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते आणि त्यावरूनच कुठला प्राणी कोण ते ठरतं. देशातली हिमबिबट्यांची पहिली शास्त्रशुद्ध गणना जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. तीत १,९७१ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यात २४१ वेगवेगळे प्राणी ओळखता आले, आणि पूर्ण देशाचा अंदाज ७१८ निघाला. इतक्या थोड्या प्राण्यांच्या हिशेबात एक धुरकट फोटो म्हणजे कदाचित एक अख्खं जनावर मोजणीतून निसटलं.

आधी दोष ओळखा

कॅमेरा काढून आणल्यावर लगेच सेल बदलायला धावू नका. कार्डावरचे फोटो तारखेच्या क्रमाने बघा, दोष तिथेच दिसतो.

फोटो स्वच्छ आहेत आणि एका रात्री अचानक थांबले, किंवा मधूनच तारीख कारखान्यातल्या मूळ तारखेवर गेली, तर दोष सेलचा. फोटो रोज थोडे थोडे धूसर होत गेले, पहाटे सगळ्यांत वाईट आणि दुपारी एक-दोनला जरा बरे, तर ओलावा आत आहे. एका वादळानंतर फोटो एकदम कोरे पांढरे किंवा काळे, आणि काही दिवसांनी पुन्हा स्वच्छ, तर कॅमेरा बर्फात गाडला गेला होता. आणि हजारो फोटो स्वच्छ पण रिकामे असतील, तर सेन्सर फसतोय.

आम्ही पहिल्या वर्षी हे चारही प्रकार "थंडीने कॅमेरे मेले" या एकाच वाक्यात गुंडाळले. म्हणून दुसऱ्या वर्षी फक्त सेल बदलले आणि उरलेले तीन दोष तसेच बरोबर घेऊन गेलो.

आतला ओलावा

आमचा मुख्य रोग हा होता, आणि किनाऱ्यावरून जाणाऱ्या बहुतेकांचा हाच असणार.

दुसऱ्या हिवाळ्यात स्पितीतल्या किब्बर गावात ज्या घरी उतरलो होतो, तिथे दिवसभर सगळे स्वयंपाकघरातच बसत. मध्ये तंदूर, म्हणजे पत्र्याची शेगडी, तिचा धूर नेणारी नळी थेट छतातून वर. नळाचं पाणी गोठलेलं, म्हणून तंदूरवर बर्फाचं पातेलं वितळत ठेवलेलं. शेजारी चहाची किटली अखंड उकळती. बाहेर उणे अठरा आणि आत अंगातला स्वेटर काढावा इतकी ऊब. बोटं चालतात म्हणून आम्ही सगळे कॅमेरे तिथेच उघडले, सेल घातले, कार्डं घातली, झाकणं बंद केली आणि सकाळी डोंगरावर नेले.

आमच्याबरोबर डोंगरात येणारे त्या घरचे दादा हे बघत होते. दुसऱ्या खेपेला ते मला म्हणाले, "दीदी, खिडकी देखो." स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने बोटभर जाडीचा बर्फ होता, नेच्याच्या पानांसारखी नक्षी उठलेली. मग त्यांनी मला पलीकडच्या कोठारात नेलं. तिथेही तशीच काच, तशीच खिडकी, बाहेर तीच थंडी, आणि काच लख्ख कोरडी. एका खोलीत माणसं, वाफ, पातेलं. दुसऱ्या खोलीत जवाच्या गोण्या. एवढाच फरक.

कॅमेऱ्याचा डबा हीसुद्धा एक छोटी खोलीच आहे. स्वयंपाकघरात त्याचं झाकण लावलं की तिथली वाफाळ हवा आत कोंडली जाते. थंडगार सोलकढीच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो, तोच प्रकार इथे आतून होतो, आणि उणे वीसला तो घाम न राहता काचेवर बर्फ होऊन बसतो.

आता किनाऱ्याचा संबंध. आपल्याकडे ऑक्टोबरात २८ अंश आणि ऐंशी टक्के दमटपणा ही साधी गोष्ट. अशा एक घनमीटर हवेत सुमारे २२ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. उणे वीस अंशांची हवा घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम वाफ धरून ठेवू शकते. अर्धा लिटर पोकळीचा डबा गोव्यात बंद केला, तर आत साधारण दहा-अकरा मिलिग्रॅम पाणी जातं. ऐकायला काहीच नाही, पण भिंगासमोरची काच असते नखाएवढी. तिच्यावर हे पाणी बसलं की फोटो गेला. शिवाय ओलावा फक्त हवेत नसतो. डब्यातला फोमचा तुकडा, सर्किटची पाटी, प्लास्टिक, सगळ्यांत आपला पावसाळा मुरलेला असतो. आणि सिलिका जेलच्या ज्या पुड्या आपण भक्तिभावाने आत ठेवतो, त्या घरच्या कपाटात चार महिने उघड्या राहून आधीच पोट भरून बसलेल्या असतात. सिलिका जेल आपल्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त पाणी पिऊ शकतं. प्यालेली पुडी आत ठेवणं म्हणजे ओला बोळा ठेवणं.

धुकं नेमकं काचेवरच का बसतं, याचंही कारण आहे. दिवसा ऊन पडलं की गडद रंगाचा डबा चांगला तापतो, फोम आणि पाटीतला ओलावा सुटतो. रात्री उघड्या आकाशाखाली पुढची काच सगळ्यांत आधी थंड होते, आणि सुटलेला सगळा ओलावा तिच्यावर जाऊन बसतो. रोज थोडा थोडा. म्हणूनच फोटो एका दिवसात न जाता हळूहळू जातात, आणि म्हणूनच आम्ही सेलवर संशय घेत राहिलो.

हे पटलं, तरी घरी करून बघितल्याशिवाय माझं समाधान होईना. ओळखीच्या एका मासेवाल्या काकांकडे मोठा डीप फ्रीझर आहे, उणे अठराचा. मार्च महिन्यात दोन कॅमेरे घेऊन गेले. एकाचं झाकण आमच्या स्वयंपाकघरात, चुलीवर पेज शिजत असताना लावलं होतं. दुसरा तीन दिवस ताज्या भाजलेल्या सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात कोंडून मग बंद केला होता. दोन्ही दर तासाला एक फोटो घेतील असे लावले, समोर पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळी जाड अक्षरं चिकटवली, आणि दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवले. पहिल्या कॅमेऱ्यात सहाव्या तासाला अक्षरांच्या कडा पसरल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षरंच दिसेनात. दुसऱ्या कॅमेऱ्यात शेवटच्या फोटोपर्यंत अक्षरं होती तशी. काकांनी स्वतः मोबाइलवर दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले आणि म्हणाले, "बाये, मग हो कॅमेरो गोंयचोच पावस घेवन वता मगो." म्हणजे हा कॅमेरा गोव्याचाच पाऊस बरोबर घेऊन जातो. याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

आता आम्ही काय करतो ते सांगते.

घरून निघायच्या दहा दिवस आधी सगळे कॅमेरे उघडे करून मोठ्या हवाबंद डब्यात ठेवतो. जेवणाचे टिकटिक करून बंद होणारे मोठे डबे मिळतात, ते चालतात. तळाशी किलोभर सिलिका जेल पसरतो. रंग बदलणारं नारिंगी जेल घ्या, म्हणजे ते कधी भरलं ते कळतं. भरलं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवायचं, पुन्हा नारिंगी होतं. ओव्हनमधून काढल्यावर गरम असतानाच बरणीत भरा. थंड होऊ देत बाहेर ठेवलं तर तेवढ्या वेळात आपली हवा त्याला पुन्हा पाजते. चौथ्या दिवशी जेल बदलतो, आठव्या दिवशी पुन्हा. पहिल्या बदलाला जेल हिरवट झालेलं बघून नवख्यांना आश्चर्य वाटतं, कारण कॅमेरे हाताला अगदी कोरडे लागत असतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कॅमेऱ्याचं शेवटचं झाकण उबदार खोलीत लावायचं नाही. सेल आणि कार्ड घालणं, मेन्यू लावणं, हे सगळं खोलीत करा, तपासून घ्या. मग कॅमेरा उघडा ठेवून कापडी पिशवीत घाला आणि कोठारात किंवा बाहेरच्या पडवीत रात्रभर ठेवा. सकाळी त्या थंड, कोरड्या हवेतच ताजी पुडी घालून झाकण लावा. आत कोंडली जाते ती डोंगराची हवा, जिच्यात मुळात पाणीच नाही. हे करताना झाकणावर वाकून श्वास सोडायचा नाही. नाका-तोंडावर गुंडाळलेलं फडकं श्वास वर ढकलतं, तो थेट भिंगावर जातो. मान बाजूला करून श्वास घ्या, आणि झाकण लागेपर्यंत बोलू नका. काचेवर हा-हा करून फडक्याने पुसायची सवय तर पूर्ण सोडा. तिथे ती वाफ पुसली जात नाही, गोठते. पुसायला मऊ ब्रश.

झाकणाची रबरी कडही बघा. थंडीत रबर ताठरतं आणि आक्रसतं. कडेत वाळूचा एक कण अडकला तरी फट राहते. सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात घरूनच फिरवून न्या. व्हॅसलीन लावू नका, त्याने काही रबरं फुगतात.

सेल

इथे फार बोलायला नको. दुकानात मिळणाऱ्या साध्या अल्कलाइन सेलमध्ये पाण्यात विरघळलेलं रसायन असतं. थंडीत त्याची हालचाल मंदावते आणि सेल आतून भरलेला असूनही कॅमेऱ्याला लागेल तितका जोर देऊ शकत नाही. रात्री फ्लॅश पेटवायची वेळ आली की विजेचा दाब कोसळतो आणि कॅमेरा बंद. हेच सेल खोलीत आणून खिशात ठेवले की पुन्हा चांगले दाखवतात, म्हणून गोंधळ होतो. न भरता येणारे दीड व्होल्टचे लिथियम सेल उणे चाळीसपर्यंत चालतात. महाग आहेत, पण तिथे पर्याय नाही. वजनातही फायदा: अल्कलाइन सेल तेवीस-चोवीस ग्रॅमचा, लिथियम पंधराचा. बारा कॅमेऱ्यांना आठ-आठ सेल म्हटलं, की पाठीवरचं पाऊण किलो कमी झालं.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. लिथियम सेलचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे पडद्यावर पूर्ण भरलेला दिसणारा सेल दोन दिवसांत संपू शकतो. मेन्यूत सेलचा प्रकार निवडायची सोय असेल तर तो निवडा, आणि पडद्यावर विसंबण्यापेक्षा किती रात्री झाल्या त्याचा हिशेब वहीत ठेवा. दुसरं, मोपा किंवा दाबोळीवरून विमानाने निघत असाल तर सुटे लिथियम सेल हातातल्या पिशवीत, त्यांच्या मूळ वेष्टनात ठेवा. चेक-इनच्या बॅगेत ते चालत नाहीत. आमची एक बॅग याच कारणाने उघडली गेली होती.

मोबाइल, जीपीएस, पॉवर बँक, यांचे चार्ज होणारे लिथियम-आयन सेल शून्याखाली चार्ज करायचे नाहीत, ते कायमचे बिघडतात. दिवसभर अंगाशी, आतल्या खिशात. रात्री झोपायच्या पिशवीत.

सेन्सर आणि जागा

आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारी कॅमेरा गवा समोरून गेला तरी झोपलेला राहतो. कारण सेन्सर हलणारी ऊब शोधतो, आणि तापलेली जमीन आणि गव्याचं अंग यांत फरकच उरत नाही. म्हणून आम्ही संवेदनशीलता कायम सर्वांत वर ठेवतो. तीच सवय स्पितीत नेली आणि एका कॅमेऱ्याने चार दिवसांत कार्ड भरून टाकलं: उन्हाने तापलेला खडक, त्यावरून सरकणारी ढगाची सावली, वाऱ्याने उडणारा भुगा. तिथे मध्यम ठेवा. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडे असू द्या. दक्षिणेकडे केलं तर खालून चालणारा सूर्य दिवसभर भिंगात, आणि समोरचा उतार तापत-निवत राहतो.

उलटा धोकाही आहे. सेन्सरच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खिडकीवर बर्फाचा पापुद्रा बसला, तर डोळ्याला तो जवळजवळ पारदर्शक दिसतो, पण प्राण्याच्या अंगाची ऊब बर्फातून पलीकडे जात नाही. भिंग स्वच्छ, सेल भरलेले, आणि तरीही आठवडाभर एक फोटो नाही, असं झालं तर आधी ही खिडकी बघा.

यावर उपाय जागेचाच. पुढे झुकलेल्या कड्याखाली कॅमेरा लावा. वरून बर्फ पडत नाही, रात्री उघडं आकाश समोर नसल्याने काचही कमी थंड होते, आणि मुख्य म्हणजे हिमबिबट्या अशाच झुकलेल्या खडकांवर मूत्राचा फवारा मारून आपली खूण ठेवतो. जानेवारी ते मार्च हा त्यांचा जोडीचा काळ, तेव्हा या खुणा सर्वांत ताज्या असतात. कड्याच्या पायथ्याशी मागच्या पायांनी ओरबाडलेला खळगा आणि वर खडकावर तो उग्र वास, दोन्ही मिळालं की तिथून हलू नये. मी पहिल्यांदा तो वास घेतला तेव्हा वर्षभराचा थकवा गेला होता.

झाडं नाहीत, त्यामुळे पट्टा बांधायला खोड मिळत नाही. दगडांची रचाई करून त्यात कॅमेरा बसवावा लागतो. जानेवारीत दगड जमिनीला चिकटलेले असतात, पहारीने हलत नाहीत. म्हणून जमलं तर ऑक्टोबरातच एक फेरी करून जागा निवडा, चौथरे रचून ठेवा, जवळ दहा-बारा सुटे चपटे दगड कड्याखाली कोरडे राहतील असे ठेवा. हिमबिबट्याचा खांदा दोन फुटांच्या आसपास, म्हणून कॅमेरा साधारण दीड फुटावर लावतात. पण हा दीड फूट ऑक्टोबरच्या मातीवरून मोजला, तर जानेवारीत तो बर्फाखाली गेलेला असतो. वारा कुठून बर्फ आणून कुठे रचतो, हे गावातल्या माणसालाच माहीत असतं. आमच्या दादांनी एका जागेकडे बघून नुसती मान हलवली होती. आम्ही ऐकलं नाही. तो कॅमेरा मार्चच्या शेवटी मिळाला.

समोर दोन हातांवर बर्फाचा ढीग असेल तर रात्रीचा फ्लॅश त्यावरून उलटा येतो आणि पूर्ण फोटो पांढरा होतो. याला लोक आतलं धुकं समजतात. दिवसाचे फोटो स्वच्छ आणि फक्त रात्रीचे पांढरे असतील तर फावडं घ्या, झाकण उघडू नका.

दोन्ही कुशींचे ठिपके हवेत, म्हणून समोरासमोर दोन कॅमेरे लावतात. त्यांचं घड्याळ जुळलेलं हवं. सेलनी दम तोडला की तारीख पुसली जाते आणि मग कुठली डावी कुशी कुठल्या उजव्या कुशीची, ते लागत नाही. उपाय फुकटचा आहे: लावताना आणि काढताना मोबाइलवरची तारीख-वेळ कॅमेऱ्यासमोर धरून एक फोटो घेऊ द्या. नंतर गणिताने सगळं सरळ करता येतं.

हात आणि दम

समुद्रसपाटीवरच्या माणसाला किब्बरला, म्हणजे सुमारे ४,२०० मीटरवर, दर श्वासात घरच्या साठ टक्केच प्राणवायू मिळतो. हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद असते, त्यामुळे शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा असाच रस्ता उरतो, आणि आपल्यासाठी तो बराच आहे, कारण चढ हळूहळू होतो. तरी काझाला दोन-तीन रात्री थांबल्याशिवाय वर जाऊ नका. डोकं दुखतंय, मळमळतंय, आणि चालताना झोकांड्या जातायत, तर खाली उतरणं हाच उपचार. हे इथे लिहायचं कारण असं की दम कमी पडला की चुका होतात. माझ्या हातून दोन झाकणं उघडी राहिली, ती अशाच एका दुपारी.

उघड्या बोटांनी धातू धरू नका, कातडी चिकटते. आत पातळ हातमोजे, वर जाड. पातळ मोज्यांत सगळं काम जमायला हवं, म्हणून निघण्याआधी घरी मोजे घालून बाल्कांवात बसून सराव करा: सेल घालणं, कार्ड काढणं, मेन्यू बदलणं. पहिल्या दिवशी एका कॅमेऱ्याला मला नऊ मिनिटं लागली होती. आता तीन लागतात. डोंगरावर त्या सहा मिनिटांत बोटं बधिर होतात.

परवानगीचं एका ओळीत: हिमबिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, अभयारण्यात कॅमेरा लावायचा तर हिमाचलच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी हवी, आणि ती कुठल्या तरी चालू अभ्यासाचा भाग म्हणून मिळते, म्हणून महिनोन्महिने आधी लागा.

काढून आणताना

शेवटच्या दिवशी घाई असते, आणि तिथेच उरलेलं नुकसान होतं. डोंगरावरून आणलेला गोठलेला कॅमेरा थेट तंदूरजवळ उघडला, तर वाफ क्षणात सर्किटवर जाऊन बसते. आपल्याकडे मोलेच्या रानात एसी गाडीतून उतरताच भिंग कसं धुरकटतं, ते आठवा. बाहेर असतानाच कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला, पिशवीतली हवा दाबून काढा, आणि ती बंद पिशवी खोलीत रात्रभर राहू द्या. दव धरलंच तर पिशवीवर धरेल. फोटो बघायची ओढ फार असते, मला माहीत आहे. कार्ड तेवढं बाहेरच काढून घ्या, वेगळ्या छोट्या पिशवीत घाला, तासाभरात ते खोलीइतकं गरम होतं.

आणि एक शेवटचं, जे आम्हाला गेल्या एप्रिलमध्ये घरी पोचल्यावर कळलं. किब्बरच्या विरळ हवेत झाकण लावलेले दोन कॅमेरे डिचोलीत उघडेचनात. आतली हवा वरची, बाहेरचा दाब आपला, त्यामुळे झाकण आत ओढलं गेलं होतं. कडी सोडून नखाने कड उचलली, तर फस्स आवाज झाला आणि आपली एप्रिलची दमट हवा एका दमात आत शिरली. तेव्हा उतरताना रामपूरला, म्हणजे हजारेक मीटरवर, एकदा सगळ्या कड्या सोडून पुन्हा लावा. घरी आल्यावर झाकण उघडायचं ते जेलच्या मोठ्या डब्याशेजारी, आणि कॅमेरे उघडे करून लगेच आत. पावसाळा संपेपर्यंत आमचे तिथेच राहतात.